बिनघोरचं लेबल

गौतमीला नववीत एक नवाच शोध लागला होता. आपण मोठ्यानं बोललो की माणसं थांबतात! आठवीपर्यंत तिला हे ठाऊकच नव्हतं. आठवीपर्यंत ती मागच्या बाकावर, फळ्यापेक्षा खिडकीच्या जास्त जवळ. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी तिला बळंच उभं केलं, आणि गंगाखेडच्या त्या खच्चून भरलेल्या हॉलमध्ये तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. तेव्हापासून ती घरी बोले, दारी बोले, रेशनच्या रांगेत बोले. "हिच्या तोंडाला झाकण लावा गं कुणीतरी," असं तिची आई कमलबाई म्हणायची. पण म्हणताना हसायची.

त्या गुरुवारी मात्र बोलायची वेळ आली ती भलत्याच कारणानं. सकाळची प्रतिज्ञा अर्ध्यावर होती आणि मुलींच्या संडासातून पाणी बाहेर यायला लागलं. आधी उंबऱ्यावरून, मग पायरीवरून, मग थेट सातवीच्या रांगेत. सातवीच्या पोरी किंचाळत आठवीत घुसल्या, आठवीच्या नववीत, आणि प्रतिज्ञेचा हात पुढं तसाच ठेवून निम्मी शाळा चिंचेच्या झाडाखाली गोळा झाली. वास तर विचारूच नका.

शाळेचे शिपाई बन्सीधर, म्हणजे पोरींचे बन्सीमामा, नाकाला उपरणं बांधून लांब बांबू घेऊन आत गेले. ढोसलं, हलवलं, ओढलं. बांबूच्या टोकाला अडकून बाहेर आला तो कापसाचा एक फुगलेला गोळा, वर जाळीचं कापड. मग दुसरा. मग तिसरा.

"हे काय आहे?" हेडसर ओरडले. हेडसर म्हणजे दिनकरराव, कडक इस्त्रीचा माणूस.

सगळ्या पोरी एकदम आभाळाकडं बघायला लागल्या. आणि मग हेडसरांना आपल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप कळलं. त्यांचे कान लाल झाले.

"कुलूप लावा," ते बन्सीमामांना म्हणाले. "मुलींना वापरायची अक्कल नाही. पुढची सूचना मिळेपर्यंत बंद." मग त्यांची नजर रांगेवरून फिरत फिरत गौतमीवर येऊन थांबली. "तू. तुमच्या भीमनगरातून एखादा माणूस पाठवायला सांग घरी. उपसायला."

शाळेत भीमनगरातल्या पोरी बऱ्याच होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. विद्यापीठाच्या नामांतराचं अजून काही ठरलं नव्हतं ते दिवस. गावात अशा एका वाक्यावरून काय काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

"सर," गौतमी म्हणाली, आणि तिचा तो आवाज निघालाच, "आमच्या वस्तीत पोस्टमन हाय. दोन मास्तर हायेत. कारखान्यात क्लार्क हायेत. संडास उपसणारं कुणी न्हाई. आन् असतं तरी मी बोलावलं नसतं. नगरपालिकेची नळीवाली गाडी असती त्याला."

"उलट बोलतेस?"

"सरळच बोलायले सर. गाडीसाठी तुमचा अर्ज लागतो."

हेडसरांचे कान आणखी लाल झाले. अर्ज म्हटलं की कारण लिहावं लागणार. नगरपालिकेतला बाबू ते मोठ्यानं वाचणार. हेडसर ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, ही होती की बांबूच्या टोकावरचा तो कापूस गौतमीनं लांबूनच ओळखला होता. ते 'बिनघोर' नावाचं पाळीचं पॅड होतं. नर्मदाकाकूंच्या महिला मंडळात बनायचं ते. जिनिंगमधला स्वच्छ कापूस, वर जाळीचं कापड, दोन्ही टोकांना नाड्या, आणि पाकिटावर गुलाबी लेबल. कमलबाई तिथं शिवायला जायच्या आणि गौतमी शाळा सुटल्यावर खळ लावून लेबलं चिकटवायची. लेबलावर एक हसरी बाई होती, आणि खाली मोठ्या अक्षरात ओळ होती: "वापरा. संडासात टाका. बिनघोर राहा."

ही ओळ नर्मदाकाकूंना सुचली ती मुंबईहून आलेल्या भाचीच्या पाकिटावरून. त्या पाकिटावर संडासाचं चित्र होतं आणि वरून खाली एक बाण. मुंबईत असेल जमिनीखाली मोठी गटार. गंगाखेडात संडासाच्या मागं दगडी खड्डा असतो, आणि भांड्यापासून खड्ड्यापर्यंत कोपरासारखा वाकलेला पाइप. त्या कोपरात कापूस बसला की बसला. बाणाला तिथं वळता येत नाही.

पण ही ओळ इथल्या बायकांना इतकी का आवडली, ते भाचीला कधी कळलं नसतं. इकडं लहानपणापासून प्रत्येक पोरीच्या कानात एकच भीती ओतलेली असते. पाळीच्या कापडावरून साप गेला, तर तिला मूल होत नाही. म्हणून कापड उकिरड्यावर टाकायचं नाही, शेतात टाकायचं नाही, पुरलं तरी मनाला घोर. कुडाच्या फटीत कोंबून ठेवायचं, माळ्यावर दडवायचं, अंधारात वाळवायचं. आणि आता एक पाकीट सांगत होतं की संडासात टाका, पाणी ओता, साप जाणार कुठून? बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. शाळेतल्या पोरींनीही सोडला. सगळ्यांचे श्वास त्या एका पाइपात जाऊन बसले.

मधल्या सुट्टीत रुख्मिणी विहिरीच्या कठड्यावर बसली होती. रुख्मिणी म्हणजे गौतमीची बाकावरची मैत्रीण, गोदावरीपलीकडच्या खेड्यातून एसटीनं यायची. वर्गात हजेरी देतानाही हिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही.

"माझी शाळा संपली," ती म्हणाली.

"कामून?"

"बापूंनी घालतानाच सांगितलं होतं. शाळेत संडास हाय म्हणून धाडायलोय. पोरगी आडोसा हुडकत हिंडली असं कानावर आलं की दाखला काढणार. आज एसटीत आमच्या गावच्या पोरी हायेत की. रात्रीपर्यंत बापूंला कळतंय."

"मग?"

"मग काय. सोमवारी बाजाराला येणार हायेत ते. दाखला घेऊनच जातील. आत्यानं स्थळ बघूनच ठेवलंय."

गौतमी उठून उभीच राहिली. "सोमवारपर्यंत कुलूप काढून दाखवते."

"तू? तुला काय हेडसर घाबरतात?"

"मला न्हाई घाबरत. अर्जाला घाबरतात," गौतमी म्हणाली. "पण आधी ते लेबल."

शुक्रवारी ती मंडळात गेली ती दप्तर न उतरवताच. नर्मदाकाकू गादीवर बसून पाकिटांचे गठ्ठे बांधत होत्या. मोठी दिलदार बाई, पण धंद्याच्या बाबतीत कडक. नवरा गेल्यावर तिनं हे मंडळ उभं केलं होतं, आणि भीमनगरातल्या बायका आणि गढीवरच्या बायका एका सतरंजीवर बसवल्या होत्या. तेव्हा गावात किती बोललं गेलं होतं! कुणाचं ऐकलं नव्हतं काकूंनी.

"काकू, ती ओळ काढा," गौतमीनं सांगून टाकलं. "शाळेचा संडास तुंबला. आपल्या मालानं."

मशिनी थांबल्या. कमलबाईंनी मान वर न करता म्हटलं, "गौते, गप."

"बोलू दे तिला," नर्मदाकाकू म्हणाल्या. "काढते ओळ. मग टाकायचं कुठं, ते सांग? बाई दुकानात पाकीट घेती ते त्या ओळीसाठी. ती काढली तर कापूस तिच्या घरीबी हाय. सांग, कुठं टाकायचं?"

गौतमीनं दप्तराचा पट्टा नीट केला, मग पुन्हा नीट केला. वक्तृत्वात असं कधी होत नाही. तिथं प्रश्नही आपलेच असतात.

"नसंल सुचत तर असं लिहू," काकू हसून म्हणाल्या. "संडासातबी साप असतो म्हणून लिहू. उद्यापासून एक बाई टाकायची न्हाई."

सतरंजीवर खसखस पिकली. उपाय तसा जालीम होता. गौतमीच्याही क्षणभर मनात आलं, होऊन जाऊ दे. पण मग तिला रुख्मिणी दिसली, विहिरीच्या कठड्यावर बसलेली. तिला आणखी एक साप द्यायचा?

"खोटं न्हाई लिहायचं," ती म्हणाली. "एका भीतीनं संडास तुंबला, दुसरीनं पोरीच घरात तुंबतील." आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं शिवणाची मोठी कात्री उचलली, लेबलांचा गठ्ठा ओढला आणि खालची ती ओळ कचाकच कापायला लागली. गुलाबी पट्ट्या सगळ्या सतरंजीभर. हसरी बाई राहिली, ओळ गेली.

"कमल! पोरीला आवर!" काकू ओरडल्या. "छापून आलेली लेबलं हायेत ती!"

कमलबाईंनी कात्री काढून घेतली आणि पोरीला दंडाला धरून बाहेर आणलं. दोन धपाटे बसणार म्हणून गौतमीनं पाठ ताठ केली. धपाटे बसले नाहीत. "काकूंनी विचारलं ते खोटं हाय का?" आई एवढंच म्हणाली. "कापणं सोपं हाय. कुठं टाकायचं, ते हुडक. मग ये." आणि आत निघून गेली.

त्याच संध्याकाळी गौतमी रुख्मिणीला एसटी स्टँडवर सोडायला गेली. वाटेत औषधाच्या दुकानात रुख्मिणीनं आपल्या आईसाठी एक पाकीट घेतलं. घेतलं कसलं, बोटानं दाखवलं, दुकानदारानं पेपरात गुंडाळून दिलं, दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. दोन दुकानं पुढं गेल्यावर रुख्मिणीनं पेपरात हात घालून गुलाबी लेबल टराटरा फाडलं आणि नालीत टाकलं.

"हे काय करायलीस?"

"मग काय लेबलासकट घरी नेऊ? बापू विचारतील, ही हसरी बाई कोण म्हणून!"

गौतमीनं नालीत बघितलं. नालीत हसऱ्या बायकाच बायका. चुरगळलेल्या, फाटलेल्या, काही कालच्या, काही कधीच्या. सगळ्या गावच्या बाया इथंच लेबल फाडत होत्या! म्हणजे ती ओळ कापली काय, ठेवली काय, नवी लिहिली काय. लेबल रस्त्यावर आणि कापूस संडासात. दोघांची गाठच पडत नव्हती.

ती तिथंच मोठ्यानं हसली. रुख्मिणी दचकली.

"लेबल पाकिटावर लावायचंच न्हाई," गौतमी म्हणाली. "आत लावायचं. एकेका पॅडला कागदाची पुडी करायची. पुडी थोडीच कुणी रस्त्यात फाडून फेकणार? तीच हातात ऱ्हाणार. मग वापरलेलं त्याच पुडीत गुंडाळायचं आन् झाकणाच्या डब्यात टाकायचं. डबा भरला की जाळायचं. सांग आता, कुठून येतो साप?"

"लिहिणार काय त्याच्यावर?"

"खरं ते."

रविवारी घरी रद्दीचा ढीग पडला. कमलबाई एकेक पान उलटून बघत होत्या. ज्या पानावर बाबासाहेबांचा फोटो, ते पान बाजूला. त्या दिवसांत मोर्चाच्या बातम्यांबरोबर तो फोटो रोजच असायचा. मग एका पानावर गणपती आला, तर तेही बाजूला. "कुणाचंच न्हाई गुंडाळायचं," त्या म्हणाल्या. शेवटी पुड्यांना उरलं ते बाजारभावाचं पान आणि सिनेमाच्या जाहिराती. गौतमीनं प्रत्येक पुडीवर पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि बॉलपेननं लिहिलं: "पाळीचं कापड, कापूस किंवा पॅड संडासात टाकू नका, पाइप तुंबतो. याच पुडीत गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका." बोटं दुखली. आईनं पुड्यांची टोपली उचलली आणि स्वतःच नर्मदाकाकूंकडं नेली.

परत आली तेव्हा तिचा चेहरा धड हसराही नव्हता, धड रडवाही नव्हता. "म्हणाल्या, आधी शाळेत चालवून दाखव. मग बघू."

शाळेत चालवायला आधी कुलूप निघायला हवं होतं.

सोमवारी सुविचार लिहायची पाळी नववीची होती. सुविचाराचा फळा शाळेच्या दारातच, रस्त्याकडं तोंड करून. शाळेत येणाऱ्याला दिसे, बाजाराला जाणाऱ्यालाही दिसे. गौतमी सगळ्यांच्या आधी आली. आदल्या आठवड्यातलं उद्योगाबद्दलचं काहीतरी वाक्य तिनं पुसलं आणि चिठ्ठीवरचा मजकूर फळाभर मोठ्या अक्षरात लिहिला. खाली आणखी एक ओळ घातली: "संडासाचं कुलूप काढा." आणि त्याखाली नाव, वर्ग, तुकडी.

प्रार्थनेच्या घंटेला सगळी शाळा फळ्यासमोर. पोरी तोंडावर हात धरून वाचत होत्या. रस्त्यावर एक सायकलवाला पाय टेकवून थांबला होता.

"हे कुणी लिहिलं?" हेडसर धावत आले.

"मी सर. नाव बी हाय."

"पूस आधी!"

"खोटं असंल तर पुसते सर. कोणता शब्द खोटा हाय?"

"शब्द खोटा नाही. पण जागा... रस्त्यावरून माणसं जातात!"

"त्यांच्या घरीबी बाया असतील की सर."

सायकलवाला खो खो हसला आणि हेडसरांनी बघितल्यावर पायडल मारून पळाला. "बन्सीधर! पुसा!"

बन्सीमामांनी ओलं फडकं फिरवलं. फळा काळाभोर झाला. गौतमी खडू उचलणार, तेवढ्यात तिला दिसलं की ऑफिसच्या पायरीवर एक धोतर-टोपीतला उंच माणूस उभा आहे, हातात घडी केलेला कागद. दत्तराव. रुख्मिणीचे बापू. दाखल्याचा अर्ज घेऊन आले होते.

गौतमीनं उचललेला खडू मुठीत झाकून घेतला. आता आपण काहीही बोललो तरी मार रुख्मिणीला बसणार.

रांगेतून कुणीतरी पुढं आलं. रुख्मिणीच. तिनं गौतमीच्या हातातला खडू घेतला, बापूंकडं एकदा बघितलं आणि फळ्याकडं तोंड केलं. पहिलं अक्षर इतकं दाबून लिहिलं की खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं लिहिलं, "पाळीचं". मग पुढचा शब्द. मग पुढचा. सगळा मजकूर, शेवटच्या ओळीपर्यंत.

"पुसा!"

बन्सीमामांनी पुसलं. दहावीची एक पोरगी आली, तिनं लिहिलं. पुसलं. भीमनगरातल्या दोघी आल्या, एकीनं वरून, एकीनं खालून सुरू केलं. पुसलं. मग तर रांगच लागली. पाच-सहा जणींनंतर बन्सीमामांनी फडकं खाली टाकलं.

"सर, मी माणूस हाय, डस्टर न्हाई. खांदा गेला माझा."

दत्तराव पायरी उतरून आले. पोरी बाजूला झाल्या. आता हा माणूस पोरीला हाताला धरून नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. ते फळ्यासमोर उभे राहिले आणि सगळं वाचलं, ओठ हलवत, सावकाश. हेडसर जमिनीकडं बघत होते.

"तूबी लिव्हलीस हे?" त्यांनी रुख्मिणीला विचारलं.

"हो."

"घरी तर तुझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई."

रुख्मिणीनं बोटांचा खडू झटकला. मान खाली घातली नाही. दत्तराव तिच्याकडं बघत राहिले, एखादी ओळखीची वाट अचानक दुसरीकडं वळलेली दिसावी तसे.

मग ते हेडसरांकडं वळले. "पोरी नगरपालिकेच्या गाडीचं सांगायल्या. तिला काय लागतंय, सर?"

"अर्ज. कारण नमूद करावं लागतं... ते कसं..."

"मग लिवा की. कारण फळ्यावर लिव्हलेलंच हाय. बघून उतरवा."

आधी बन्सीमामा हसले. मग सगळी शाळा. हेडसर ऑफिसात गेले. या वेळी दार उघडंच राहिलं, आणि दारातून दिसत होतं की ते लिहितायत आणि मधूनमधून मान वाकडी करून फळ्याकडं बघतायत.

"दाखल्याचं काय, दत्तराव?" बन्सीमामांनी विचारलं.

दत्तरावांनी हातातला कागद टोपीत खोवला. "ऱ्हाऊ द्या. कुलूप निघालं न्हाई तर परत येतो. आन् तवा एकटा येणार न्हाई."

गाडी आली. मधे नगरपालिकेच्या बाबूनं तो अर्ज खरंच मोठ्यानं वाचला म्हणे, आणि कुणी काही मेलं नाही. नळी लागली, पाइप मोकळा झाला, कुलूप निघालं. आत तेलाचा मोकळा पत्र्याचा डबा बसला, घट्ट झाकणाचा, आणि दारावर आतून तोच मजकूर रंगानं लिहिला गेला. शनिवारी चिंचेमागच्या खड्ड्यात डबा रिकामा करून जाळायचं काम एकेका वर्गाकडं आलं, गढीवरच्या पोरींकडंही. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. गौतमीनं त्यांच्या हातात काडेपेटी दिली. नर्मदाकाकूंनी पुढच्या मालाला पुड्या केल्या, लेबल आत छापलं आणि सगळ्या गावात सांगत सुटल्या की मला आधीपासूनच असं वाटायलं होतं. लेबलं कापल्याबद्दल गौतमीकडून महिनाभर फुकट खळ शिजवून घेतली ती वेगळीच.

हेडसरांनी फळ्याबद्दल गौतमीकडून लेखी माफीनामा मागितला. "कशाची माफी ते आधी तुम्ही लिहून द्या सर, मी खाली सही करते," ती म्हणाली. ती माफी अजून यायची आहे.

आणि एका दुपारी गणिताच्या तासाला, सर फळ्याकडं पाठ करून प्रमेय समजावत असताना, दुसऱ्या बाकावरून रुख्मिणी उभी राहिली.

"सर, बाहेर जाऊन येते." पहिल्या बाकापर्यंत काय, शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं.

सरांनी मान हलवली. ती बाकांच्या मधून चालत गेली, सरळ, सावकाश, बाजारभावाच्या पानाची पुडी हातात धरून.